टोपी, कंगवा आणि माई आत्याचे दात



बरेच दिवस इकडे काही लिहिले नाही. दोन-तीन जणांनी विचारलेही, "बाई, तब्येत बरी आहे ना?" तर आधी तेच सांगते. तब्येत आता बरी आहे. मध्ये महिनाभर नव्हती, आणि आजचा लेख त्या महिन्यातूनच निघाला आहे. लेख डोकेदुखीवर आहे. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला, त्यामुळे दुखणे आले तरी माझे लक्ष आधी त्याच्या सनावळीकडे जाते! लेख जरा लांबला आहे. घरच्या मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावा. शेवटचा भाग त्यांच्यासाठीच लिहिला आहे.

झाले असे, की मार्गशीर्षातल्या एका सकाळी देवघरासमोर बसून फुले निवडत होते, आणि डोक्याच्या मागून, उजव्या बाजूने, एकदम सणक आली. मानेच्या वरून निघाली ती थेट टाळूपर्यंत गेली. उघड्या वायरला बोट लागावे तशी. दोन सेकंद असेल नसेल. हातातली शेवंती खाली पडली. मग काही नाही, जणू काही झालेच नव्हते. दुपारी पुन्हा तेच. आठवडाभरात दिवसातून दहा-पंधरा वेळा येऊ लागली. रात्री उशीवर डोके टेकले की केसांच्या मुळाशी हुळहुळायचे.

पंच्याहत्तरीला टेकलेल्या बाईच्या डोक्यात अशी सणक आली की तिच्या मनात पहिला विचार कोणता येतो ते सांगायला नको. मी कुणाला बोलले नाही. शेजारच्या काकूंना नुसते "डोके दुखते" म्हटले, तर त्यांनी पित्त सांगितले. दुसऱ्या कुणी चष्म्याचा नंबर सांगितला, तिसऱ्या बाईंनी दृष्ट काढायला सांगितली. शेवटी सुनेच्याच लक्षात आले की आई केस विंचरताना थांबतात. तिने काही न विचारता मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर म्हणजे तिशी-पस्तिशीतली मुलगी. मला वाटले, आता स्कॅनची चिठ्ठी लिहून देणार. पण तिने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "आजी, कसे दुखते ते तुमच्या शब्दांत सांगा. मी मध्ये बोलणार नाही." मी सांगितले, ठणका नाही, ठसठस नाही, कळ म्हणावी तर कळ लांबते, ही सणक आहे. येते आणि जाते. ती हसून म्हणाली, "अर्धे काम झाले." मग तिने चार प्रश्न विचारले.

"तिथे पुरळ, फोड काही उठले का? लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

"कंगवा फिरवताना कानशिलाशी दुखते का? जेवताना जबडा अवघडतो का? मध्येच एका डोळ्यासमोर अंधारी येते का?"

"सणक रोज त्याच जागी येते, की आज इथे उद्या तिथे?"

आणि चौथा, "तोंड धुताना, दात घासताना, घास चावताना, गालाला वारा लागला तर चमक येते का?"

पहिल्या तिन्हींना मी पटापट उत्तरे दिली. चौथा ऐकला आणि गप्पच झाले. तिला वाटले मला ऐकू आले नाही. तिने पुन्हा विचारले. मी म्हटले, "मला नाही हो येत. पण येत होती एकीला." त्या एकीबद्दल पुढे सांगते.

घरी आल्यावर ते चार प्रश्न डोक्यातून जाईनात. तिला ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले असणार. पण तिला शिकवणाऱ्यांना ते कुठून मिळाले? सगळ्यात आधी कुणाला सुचले असेल, की डोके दुखणाऱ्या माणसाला जबड्याबद्दल विचारावे? मग नातवाच्या मदतीने इंटरनेटवर, आणि घरातली जुनी पुस्तके काढून, मी महिनाभर हेच वाचत बसले.

आपल्याकडे याची सुरुवात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग दिले आहेत. त्यांतले पहिले सात वात, पित्त, कफ, रक्त अशा कारणांवरून आहेत, पण शेवटचे चार वाचताना मजा वाटते. सूर्य चढेल तसे दुखणे चढते आणि उतरेल तसे उतरते तो सूर्यावर्त. अर्धे डोके धरते तो अर्धावभेदक, आपली अर्धशिशी. कानशिलाचा तो शंखक. आणि मानेच्या मागून सुरू होऊन डोळे, भुवया, कानशील यांत शिरणारा, गाल थरथरवणारा, जबडा धरणारा तो अनंतवात. (आजचे काही वैद्य अनंतवाताचे नाते चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या दुखण्याशी जोडतात.) हे ज्याने कुणी लिहिले त्याच्याकडे ना यंत्र होते ना रक्ततपासणी. दुखणे कुठे सुरू होते, कधी वाढते, कुठपर्यंत जाते, हे त्याने रोग्यांना विचारले असले पाहिजे, आणि ते सांगत असताना ऐकून घेतले असले पाहिजे.

कारण या दुखण्यांचा मोठा घोळ हा, की बाहेरून काही दिसत नाही. हात मोडला तर हात सुजतो, ताप आला तर अंग तापते. सणक येऊन गेली की माणूस अगदी पहिल्यासारखा दिसतो. त्याच्या शब्दापलीकडे पुरावा नसतो.

आणखी एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. डोक्याच्या त्वचेला जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंचे दोन मुलूख आहेत. कपाळापासून टाळूपर्यंतचा पुढचा भाग, आणि खाली गाल, दात, जबडा, हा पाचव्या मज्जातंतूचा मुलूख. त्याच्या तीन शाखा आहेत, म्हणून त्याला त्रिशाखी म्हणतात. मागचा भाग मानेच्या वरच्या मणक्यांमधून निघणाऱ्या मज्जातंतूंचा. या दोन्हीकडून येणारे निरोप मानेच्या वरच्या टोकाला, मज्जारज्जूत, एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे तिथे पत्त्यांचा घोटाळा होऊ शकतो. बिघाड मानेत असतो आणि दुखतो डोळ्यामागे. खुद्द मेंदूला तर वेदना कळतच नाही! तेव्हा दुखते तिथेच कारण असेल असे नाही. आता चार प्रश्नांकडे वळते.

पहिला प्रश्न पुरळाचा, म्हणजे नागिणीचा. नागिणीला आपण सगळेच घाबरतो. तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, असे लहानपणी ऐकलेले आहे. खरी गोष्ट अशी, की नागीण एका मज्जातंतूच्या मुलखात उठते, आणि हे मुलूख शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतात. म्हणून ती बहुधा एकाच बाजूला राहते, आणि तोंड-शेपूट जुळण्याचा प्रसंग सहसा येत नाही. जुळले तरी त्याने मरण येत नाही. १९०० साली इंग्लंडमध्ये हेड आणि कॅम्पबेल या दोघांनी मृत रोग्यांच्या मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठी तपासल्या आणि नागिणीचे मूळ त्या गाठींत आहे हे दाखवले. पण ती तिथे येते कुठून? बुडापेस्टच्या बोकाय नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले होते, की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की थोड्या दिवसांनी मुलांना कांजिण्या येतात. पुढे सायरेन्सेस्टर या इंग्लंडमधल्या लहानशा गावातल्या होप-सिम्पसन या साध्या कुटुंब-डॉक्टरने सोळा वर्षे आपल्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९६५ साली सांगितले, की कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि म्हातारपणी जागा होतो. मोठी प्रयोगशाळा नाही, गावातला दवाखाना आणि नोंदवही! शिक्षकी पेशातल्या माणसाला हे वाचून बरे वाटते.

डोक्याच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते हे, की पुरळ उठायच्या आधी दोन-चार दिवस नुसतीच आग आणि सणक असू शकते. आणि नागीण कपाळावर उठून नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका असतो. हे एकोणिसाव्या शतकात ज्याने नोंदवले तो लंडनचा सर्जन जोनाथन हचिन्सन. त्या खुणेला अजून त्याचेच नाव आहे. हे गृहस्थ आता लगेच पुन्हा भेटणार आहेत.

कारण दुसरा प्रश्न, कंगव्याचा, त्यांच्याच वाटेने येतो. १८९० साली हचिन्सनने एका म्हाताऱ्या माणसाची हकीकत लिहिली. वय ऐंशीच्या पुढे. तक्रार काय, तर टोपी घालता येत नाही. डोक्यावर दोन्ही बाजूंना लाल, सुजलेले पट्टे उठले होते आणि टोपी टेकली की दुखायचे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आजोबा, टोपी सैल घ्या. हचिन्सनने ते पट्टे हाताने चाचपले आणि ओळखले, की या कानशिलाच्या धमन्या आहेत आणि त्यांना सूज आली आहे. याच्याही सुमारे नऊशे वर्षे आधी बगदादच्या अली इब्न ईसा या नेत्रवैद्याने कानशिलाच्या रक्तवाहिन्या, डोकेदुखी आणि दृष्टी जाणे यांचा संबंध आपल्या ग्रंथात जोडला होता. मधली नऊ शतके तो धागा कुणी फारसा उचलला नाही. १९३२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दोन रोगी तपासले, सुजलेल्या धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा हा वेगळा आजार म्हणून ठरला.

जबड्याचा प्रश्न का? तर त्याच सुजेने जबड्याच्या स्नायूंचे रक्त कमी पडते, मग चार घास चावले की जबडा अवघडतो आणि थांबले की बरे वाटते. डोळ्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डोळ्याच्या मज्जातंतूचे रक्त तुटले तर दृष्टी जाते, आणि गेलेली बहुधा परत येत नाही. आधी ओळखले तर मात्र वाचते. याच मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली हेंच यांनी सांधेदुखीच्या एका रोगी बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले. १९५० साली त्यांना केंडल आणि राइकस्टाइन यांच्यासह नोबेल मिळाले. तेच औषध त्या सुमारास धमनीच्या या सुजेलाही लागू पडते असे दिसले. आजही दाट संशय आला तर डॉक्टर तपासण्यांचे निकाल येईपर्यंत थांबत नाहीत, स्टिरॉइड लगेच सुरू करतात. हा आजार पन्नाशीच्या आत सहसा होत नाही. युरोपातल्या उत्तरेकडच्या लोकांत जास्त दिसतो, आपल्याकडे कमी, पण होतो.

माझी 'ईएसआर' तपासणी याचसाठी केली. तालुक्याच्या गावी कुठल्याही लॅबमध्ये होते. उभ्या नळीत रक्त ठेवायचे आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते पाहायचे, इतकेच. शरीरात मोठी सूज असली की त्या भराभर बसतात. स्वीडनमधल्या फोरेयस आणि वेस्टरग्रेन यांनी शंभर वर्षांपूर्वी बसवलेली ही पद्धत अजून कामाला येते. माझा आकडा वयाच्या मानाने ठीक निघाला.

तिसरा प्रश्न, आज इथे उद्या तिथे. काही माणसांना अगदी धडधाकट असताना डोक्यात कुठेही सुई खुपसल्यासारखी कळ येते, तीन-चार सेकंदांत जाते, आणि जागा बदलत राहते. अर्धशिशी असणाऱ्यांत हे जास्त आढळते. १९६४ साली लान्शे यांनी डोळ्यापाशी येणाऱ्या अशा कळांचे वर्णन केले. १९८० मध्ये रास्किन आणि श्वार्ट्झ यांनी तिला नाव दिले ते बर्फ फोडायच्या टोकदार सळईवरून. नाव ऐकूनच घाबरायला होते, पण दुखणे बहुतेकदा निरुपद्रवी. इथे मला एक गंमत वाटली. ही कळ माणसाला हजारो वर्षे येत असणार, पण तिला शास्त्रात स्वतःची जागा मिळाली ती आपल्या डोळ्यांदेखत. त्याआधी 'मनाचे खेळ' म्हणून किती जणांना परत पाठवले असेल!

आता चौथा प्रश्न.

जॉन लॉक हे नाव बी. ए.ला राज्यशास्त्र घेतलेल्यांना आठवत असेल. सामाजिक कराराचा लॉक. तो शिकलेला वैद्यही होता हे मला या वयात कळले. १६७७ च्या डिसेंबरात तो पॅरिसमध्ये होता आणि तिथल्या इंग्रज राजदूताच्या बायकोला, नॉर्थम्बरलंडच्या काउंटेसला, तपासायला त्याला बोलावले. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आगीच्या लोळासारखी वेदना उसळायची, ती किंचाळायची, तोंड एका बाजूला ओढले जायचे, आणि थोड्या वेळात सगळे शांत. त्याआधी तिचे दात काढून झाले होते. उपयोग शून्य. लॉकने लंडनच्या वैद्यांना पत्रे लिहून सारे बारकाईने कळवले आणि सल्ला मागितला. आजार त्याला बरा करता आला नाही, पण त्याचे वर्णन आजचा डॉक्टरही ओळखेल.

१७५६ साली फ्रान्समध्ये निकोला आंद्रे या सर्जनने या दुखण्याला 'वेदनेचा झटका' अशा अर्थाचे नाव दिले. १७७३ साली लंडनच्या जॉन फॉदरगिलने ते आणखी नेमके मांडले. उतारवयात येते, बायकांत जास्त, पाव-अर्धा मिनिट टिकते, खाताना, बोलताना, जरासा स्पर्श झाला तरी उठते. तरी कारण कळेना. चेहऱ्याला हलवणारा सातवा मज्जातंतू आणि चेहऱ्याला जाणीव देणारा पाचवा, हे वेगळे आहेत हेच नीट ठाऊक नव्हते. वेदना थांबावी म्हणून सर्जन भलताच मज्जातंतू कापत आणि चेहरा लुळा पडे. १८२० च्या दशकात चार्ल्स बेलच्या कामातून तो फरक हळूहळू स्पष्ट झाला. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर डँडीने लिहिले, की शस्त्रक्रियेत पाचव्या मज्जातंतूच्या मुळाला अनेकदा एखादी रक्तवाहिनी टेकलेली दिसते. तिच्या ठोक्यांनी मज्जातंतूचे आवरण झिजते, वायरचे रबर झिजावे तसे, आणि मग साध्या स्पर्शाचा निरोप वेदनेच्या वाटेवर उडी मारतो. १९६७ मध्ये पीटर जॅनेटा यांनी ती रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये गादीसारखा तुकडा ठेवायची शस्त्रक्रिया मांडली. आणि १९६२ साली स्वीडनच्या ब्लोम यांनी दाखवले, की फिट्ससाठी तयार झालेले कार्बामाझेपिन हे औषध या वेदनेला थांबवते. आजही पहिले औषध तेच. (ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते, मनाने नाही.)

१९६२. हा आकडा वाचला आणि मी चष्मा काढून ठेवला.

माई आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात तेव्हा पंधरा-सोळा माणसे जेवायला असत आणि स्वयंपाकघर तिच्याकडे होते. साधारण १९५८-५९ पासून तिचे काहीतरी बिनसले. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची. डावा हात गालाजवळ न्यायची, पण गालाला लावायची नाही, चार बोटे अंतरावर तसाच धरून ठेवायची. डोळे मिटलेले. मिनिटभराने पुन्हा भाकरी थापू लागायची. तोंडाची डावी बाजू ती धूत नसे. चुलीची काजळी तिथे तशीच राहायची. उन्हाळ्यातसुद्धा कानाला पदर घट्ट गुंडाळलेला. जेवायची तर दूध-भात, तोही उजवीकडून.

गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी डावी दाढ काढली. मग शेजारची. मग वरची. दोन वर्षांत तिचे सात दात गेले. एकदा सातवा-आठवा महिना काही दुखले नाही, तेव्हा सगळे म्हणाले, बघा, दातच होते. मग पुन्हा सुरू झाले. मला आता कळते, की हे दुखणे महिनोन् महिने आपोआप थांबते, आणि थांबते तेव्हा जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते. पहाटे खाल्लेल्या दूध-जिलबीला, अंगाऱ्याला, काढलेल्या दाढेला.

घरात हळूहळू म्हणू लागले, की हिला कामाचा कंटाळा आहे. एका क्षणी विव्हळते आणि दुसऱ्या क्षणी ठणठणीत, असे कुठे दुखणे असते? 'नाटकी आत्या' हे नाव तेव्हाच पडले.

आणि मुलांचा एक खेळ होता. मी नऊ वर्षांची असेन. एकाने भाकरी थापायचे सोंग करायचे, मध्येच थांबायचे, गालापाशी हात धरायचा आणि डोळे मिटायचे. बाकीच्यांनी हसायचे. ती नक्कल मला सगळ्यांत छान जमायची. एकदा माजघरात मी ती करत होते आणि मुले हसायची थांबली. मागे वळून पाहिले तर दारात आत्या उभी होती. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुला असे कधी न होवो गं बाई." आणि चुलीकडे निघून गेली.

१९६२ साली थोरल्या दादाच्या लग्नात काढलेला फोटो आमच्याकडे आहे. त्यात कडेला एक बोळक्या गालांची म्हातारी दिसते. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. त्याच वर्षी तिकडे स्वीडनमध्ये ब्लोम यांचा लेख छापून आला. ते औषध आमच्या गावापर्यंत यायच्या आत, १९६५ साली, माई आत्या गेली. दुसऱ्याच कुठल्या आजाराने. पण शेवटपर्यंत ती डावीकडून जेवली नाही.

मी कुणाला दोष देत नाही. त्या डॉक्टरांना माहीत नव्हते. काउंटेसच्या दातांचे तेच झाले होते, आणि ती तर राजदूताची बायको. पण एक फरक आहे. काउंटेसला काय होते हे कुणीतरी बसून ऐकले आणि लिहून ठेवले, म्हणून साडेतीनशे वर्षांनी मी ते वाचू शकते. माई आत्याला 'कसे दुखते, तुझ्या शब्दांत सांग' असे कुणी विचारले नाही. तिने सांगितले असते. गाल न धुण्यापासून वाऱ्यापर्यंत सगळी लक्षणे ती आमच्यासमोर रोज दाखवत होती. आम्ही त्याची नक्कल केली.

असो.

माझे काय झाले ते सांगायचे राहिले. चार प्रश्न संपल्यावर डॉक्टर माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने मानेच्या वर, कवटीच्या कडेशी, एका जागी बोट दाबले. तीच सणक टाळूपर्यंत गेली, मी ओरडलेच. "सापडले," म्हणाली. मानेतून निघणारा मज्जातंतू तिथे स्नायूंमधून वर डोक्यात शिरतो, तो आवळला गेला होता. खाली मान घालून तासन् तास मोबाइलवर वाचणे आणि दोन जाड उशा, हे माझे उद्योग! माझ्या वयाकडे बघून तिने स्कॅनही करून घेतला, त्यात काही निघाले नाही. शेक, मानेचे व्यायाम, एक उशी आणि थोडे दिवस एक गोळी. नाही थांबले तर त्या जागी इंजेक्शन द्यायचे ठरले होते, पण वेळ आली नाही. आता आठवड्यातून एखादी सणक येते, ओळखीच्या माणसासारखी.

माझ्या वयाच्या वाचकांना दोन शब्द. क्षणात येऊन जाणारी प्रत्येक सणक म्हणजे गाठ नव्हे, तेव्हा रात्र रात्र जागू नका. पण पन्नाशीनंतर कानशिलाशी किंवा टाळूशी नव्याने दुखू लागले, कंगवा सोसेना, जबडा अवघडू लागला, डोळ्यासमोर अंधारी आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एका क्षणात, पूर्वी कधी झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी उठली, किंवा बोलणे अडखळले, हात-पाय लुळे पडले, तापाबरोबर मान ताठ झाली, तर थेट इस्पितळात जा. कपाळावर फोड उठले तर लेप लावत बसू नका, औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते. नागिणीची लस आता आपल्याकडेही मिळते, डॉक्टरांना विचारा. आणि दाढ काढायच्या आधी, दुखणे झटक्याने येते की ठणकत राहते, हे दंतवैद्यांना नीट सांगा.

आता घरच्यांसाठी. लग्नाकार्यात आपण जमतो तेव्हा 'नाटकी आत्या'चे किस्से अजून निघतात. तिला कधी न पाहिलेली मुलेसुद्धा तो गालाजवळचा हात करून दाखवतात. त्यांनी तो आमच्यापासूनच उचलला. माझी सगळ्या भावंडांना विनंती आहे, की यापुढे ते करू नये, आणि मुलांनी विचारले तर तिच्या आजाराचे नाव सांगावे. त्रिशाखी मज्जातंतूची वेदना. जरा अवघड आहे, पण पाठ होईल.

तो १९६२ चा फोटो मी मोठा करून घेतला आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा पाहा.